पाहुणा पॅटर्न: सेव्हन सेगमेंट डिस्प्लेवर तात्पुरतं काही दाखवायचं असेल तर

डिस्प्लेवर आकडा दाखवणं एका संध्याकाळी जमून जातं. तापमान २४, उलटी मोजणी ४७, जे असेल ते. खरी परीक्षा त्याच्या पुढे आहे. बटण दाबल्यावर सेकंदभर ‘सेट’ दिसावं आणि मग आकडा परत यावा. काम संपलं की पट्ट्यांची भिंगरी दोन फेऱ्या फिरावी आणि मग आकडा परत यावा. सेन्सरची वायर निघाली तर ‘एरर’ लुकलुकावं, वायर लागली की आकडा परत यावा. तिन्ही वेळा ‘आकडा परत यावा’ हे शेपूट आहेच, आणि नव्याने शिकणाऱ्यांचा घोळ बहुतेक वेळा त्या शेपटातच होतो.

मी अशा तात्पुरत्या पॅटर्नला पाहुणा म्हणतो. पाहुणा आला म्हणून घरातली कामं थांबत नाहीत आणि घरातल्यांना बाहेरही काढायचं नसतं. कोड लिहितानाही एवढंच सांभाळायचं आहे. ते कसं, हे वायर जोडण्यापासून सांगतो.

सात पट्ट्या आणि एक ठिपका

एका अंकाच्या खान्यात सात पट्ट्या आणि एक दशांश ठिपका असतो. वरची आडवी पट्टी ‘ए’. तिथून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने उतरत जा: उजवीकडे वर ‘बी’, उजवीकडे खाली ‘सी’, तळाची ‘डी’, डावीकडे खाली ‘ई’, डावीकडे वर ‘एफ’. मधली आडवी ती ‘जी’. ठिपक्याला ‘डीपी’ म्हणतात. हा क्रम पाठच करा, पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

प्रत्येक पट्टी म्हणजे एक एलईडी. एका खान्यातल्या सगळ्या एलईडींची एक बाजू आतून एकत्र जोडलेली असते. ऋण टोकं एकत्र असतील तर कॉमन कॅथोड, धन टोकं एकत्र असतील तर कॉमन ॲनोड. तुमच्या हातातला कोणता, हे मल्टिमीटर डायोड मोडवर ठेवून दोन मिनिटांत कळतं. काळी प्रोब एका पिनवर धरा आणि लाल प्रोब बाकीच्या पिनांवरून फिरवा. काळी प्रोब न हलवता एकामागून एक पट्ट्या मंद उजळल्या तर कॉमन कॅथोड. लाल प्रोब स्थिर ठेवल्यावर तसं झालं तर कॉमन ॲनोड. उजळलेली प्रत्येक पट्टी आणि तिची पिन कागदावर लिहून घ्या. पिनांचा क्रम प्रत्येक डिस्प्लेचा वेगळा असू शकतो, त्यामुळे कुठल्या तरी चित्रावर विसंबण्यापेक्षा हा कागद जास्त खरा.

जोडणी

मी इथे चार अंकी कॉमन कॅथोड डिस्प्ले आणि आर्डुइनो उनो हा मायक्रोकंट्रोलर बोर्ड धरून चालतो. बोर्ड दुसरा असला तरी विचार तोच राहतो.

सात पट्ट्या आणि ठिपका मिळून आठ पिना, प्रत्येकीत ३३० ओहमचा एक रेझिस्टर. लाल एलईडीवर साधारण २ व्होल्ट पडतात. ५ व्होल्टमधून उरले ३, भागिले ३३०, म्हणजे पट्टीमागे ९ मिलिअँपिअर. बोर्डच्या एका पिनेला हे सहज झेपतं. पण कॉमन पिनेचं गणित निराळं आहे. खान्यातल्या पट्ट्या आणि ठिपका असे आठही पेटले की ७२ मिलिअँपिअर त्या एकाच वाटेने परत येतात, आणि उनोच्या पिनेची कमाल मर्यादा ४० आहे. म्हणून प्रत्येक कॉमन पिनेला एक एनपीएन ट्रान्झिस्टर लावायचा, म्हणजे छोट्या प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणारा भाग. बीसी ५४७ चालतो, त्याची मर्यादा १०० मिलिअँपिअर आहे. कलेक्टर डिस्प्लेच्या कॉमन पिनेला, एमिटर ग्राउंडला, बेस १ किलोओहममधून बोर्डच्या पिनेला.

आठ आणि चार मिळून बारा पिना झाल्या. उनोवर २ ते १३ बरोबर बारा भरतात. ० आणि १ सीरियल संवादासाठी मोकळ्या ठेवा, कारण काही बिघडलं की संगणकावर आकडे छापून पाहण्याखेरीज दुसरा डोळा नसतो. बटण ए-० वर घ्या.

सगळ्या पट्ट्यांसाठी कॉमन पिनेवर एकच रेझिस्टर लावायचा मोह टाळा. मग १ झगझगीत आणि ८ मलूल दिसतो, कारण तोच प्रवाह दोन ऐवजी सात पट्ट्यांत वाटला जातो.

आकडा म्हणजे बेरीज

प्रत्येक पट्टीला एक बिट (चालू किंवा बंद असं एक घर) द्या: ए ला १, बी ला २, सी ला ४, डी ला ८, ई ला १६, एफ ला ३२, जी ला ६४, ठिपक्याला १२८. ज्या पट्ट्या पेटवायच्या त्यांची बेरीज केली की त्या चित्राचा क्रमांक तयार. १ साठी बी आणि सी, म्हणजे ६. सात पट्ट्यांचा ८ म्हणजे १२७.

० ते ९ क्रमाने असे येतात: ६३, ६, ९१, ७९, १०२, १०९, १२५, ७, १२७, १११. हे दहा आकडे एका ॲरेमध्ये, म्हणजे क्रमाने साठवलेल्या यादीत, ठेवा.

इंग्रजी अक्षरंही बरीच जमतात. ई १२१, लहान आर ८०, लहान एन ८४, लहान ओ ९२, लहान डी ९४, लहान टी १२०, एच ११८, एल ५६, पी ११५, ए ११९. एस साठी ५ चंच चित्र वापरायचं. म्हणजे ‘एरर’ झालं १२१, ८०, ८०. ‘डन’ झालं ९४, ९२, ८४, १२१. के, एम, डब्ल्यू, एक्स यांच्या तिरप्या रेषांना इथे जागाच नाही, म्हणून शब्द निवडतानाच ती अक्षरं टाळा. आपल्या देवनागरीचं म्हणाल तर शिरोरेषा, काना आणि गोलाई सात सरळ पट्ट्यांत मावत नाहीत. ओढूनताणून बसवलेलं अक्षर वाचणाऱ्याला कोडं वाटतं. मराठीत काही दाखवायची मनापासून इच्छा असेल तर ठिपक्यांचा मॅट्रिक्स डिस्प्ले घ्या.

पॅटर्न लिहिण्याआधी चारही खान्यांत २५५ टाका आणि सगळ्या पट्ट्या, सगळे ठिपके पेटताहेत का ते डोळ्यांनी बघा. मोजमापाची अनेक यंत्रं सुरू होताना क्षणभर सगळीकडे ८ दाखवतात ती याचसाठी. मेलेली पट्टी खोटं बोलते: ‘जी’ गेली की ८ चा ० होतो, ‘ई’ गेली की ९, ‘बी’ गेली की ६, आणि ‘ए’ गेली की ७ चा १. तुमच्या यंत्रातला पहिला पाहुणा हाच असू द्या, सुरू झाल्यावर एक सेकंद.

चार खाने, एक वाट

चारही खान्यांच्या पट्ट्या त्याच आठ वायरांवर आहेत, म्हणून एका वेळी एकच खाना पेटवता येतो. पहिला पेटवा, विझवा, दुसरा पेटवा, विझवा. हे इतक्या वेगाने करायचं की डोळ्याला चारही सतत पेटलेले वाटावेत. याला मल्टिप्लेक्सिंग म्हणतात. प्रत्येक खान्याला २ मिलिसेकंद दिले तर पूर्ण फेरी ८ मिलिसेकंदांची, म्हणजे सेकंदाला १२५ फेऱ्या. चित्र स्थिर दिसतं. खान्याला ५ दिले तर सेकंदाला ५० फेऱ्या होतात, आणि नजर जरा हलली की थरथर जाणवते.

खाना बदलताना क्रम पाळा. आधी चालू ट्रान्झिस्टर बंद, मग नव्या खान्याच्या पट्ट्या, मग नवा ट्रान्झिस्टर चालू. हा क्रम चुकला की शेजारच्या खान्याची पुसट सावली दिसते. पुष्कळ जण ती वायरिंगची चूक समजून अख्खा ब्रेडबोर्ड उपसतात, आणि दोष मात्र कोडच्या दोन ओळींच्या अदलाबदलीत असतो.

डिले नको

आता ‘सेट’ हा शब्द एक सेकंद दाखवायचा आहे. सगळ्यात आधी सुचतं ते असं: शब्द टाक, हजार मिलिसेकंदांचा डिले लाव, आकडा परत टाक.

डिले चालू असताना बोर्ड दुसरं काही करत नाही. खाने फिरवणं थांबतं, त्यामुळे चारपैकी एकच खाना पेटलेला राहतो आणि तोही नेहमीपेक्षा जास्त उजळ, कारण एरवी त्याला वेळेचा चौथाच हिस्सा मिळतो. बटण ऐकू येत नाही, मोजणी गोठते. आणि डिले तुम्हीच लिहिलेला असतो असंही नाही. डीएस१८बी२० हा तापमानाचा सेन्सर १२ बिटच्या अचूकतेवर एका वाचनाला ७५० मिलिसेकंदांपर्यंत घेतो. लायब्ररीने तेवढा वेळ वाट पाहत बसायचं ठरवलं तर तुमचा डिस्प्ले पाऊण सेकंद एका खान्यावर अडकतो. अशा वेळी वाचन सुरू करून पुढच्या कामाला लागायचं आणि वेळ भरल्यावर उत्तर घ्यायला परत यायचं. हाच धडा पाहुण्याला लागू होतो: थांबायचं नाही, घड्याळ पाहायचं.

माझी चूक, जरा सविस्तर

डिले काढून टाकल्यावर मीही सुटलो असं मला वाटलं होतं. उलट्या मोजणीचं एक यंत्र बनवत होतो. बटण दाबलं की दोन सेकंद एक शब्द दाखवायचा होता. मी काय केलं, तर पडद्यावर असलेलं चित्र एका ॲरेमध्ये जपून ठेवलं, त्याजागी शब्द टाकला, दोन सेकंद झाल्यावर जपलेलं चित्र परत आणलं. वाचायला अगदी रास्त वाटतं.

४९ असताना बटण दाबलं. शब्द दोन सेकंद दिसला आणि मग पडद्यावर आलं ४९. आतली मोजणी तोवर ४७ वर गेली होती. पुढच्या ठोक्याला पडद्यावर ४९ वरून थेट ४६. पाहणाऱ्याला वाटणार, यंत्राने मध्येच दोन सेकंद खाल्ले.

दुसरा प्रसंग याहून वाईट. शब्द पडद्यावर असतानाच बटण पुन्हा दाबलं गेलं. कोडने ‘आत्ता पडद्यावर जे आहे’ ते जपलं, आणि पडद्यावर तेव्हा शब्दच होता. वेळ संपल्यावर शब्दाच्या जागी शब्दच परत आला. यंत्र थांबवून ठेवलेलं असल्यामुळे त्यावर नवा आकडा लिहिला जाणार नव्हता. तो शब्द तिथेच राहिला. पाहुणा घरमालक झाला.

दोन्ही चुकांचं मूळ एकच. पाहुण्याला मी घरच्याच जागेवर बसवत होतो आणि घरच्याला उचलून बाजूला ठेवत होतो. जपून ठेवलेलं चित्र शिळं होतं, दर वेळी होतं. तेव्हापासून मी पडद्यावरून काहीही वाचून घेत नाही. पडद्यावर फक्त लिहायचं.

दोन थर

उपाय सरळ आहे. खालचा थर म्हणजे पाया: तिथे खरा आकडा असतो आणि मोजणी किंवा सेन्सर तिथे बेधडक लिहीत राहतो, वर पाहुणा असो वा नसो. वरचा थर पाहुण्याचा. त्याच्याजवळ तीन गोष्टी असतात: कोणता पॅटर्न, कधी आला, किती वेळ राहणार. पडदा हा तिसरा ॲरे, दर फेरीला नव्याने जुळवलेला.

खाली मांडणी मराठीत लिहितो आहे, म्हणजे ओळीमागचा हेतू लगेच कळेल. प्रत्यक्ष कोडमध्ये नावं रोमन लिपीत द्यावी लागतील.

पाहुणा_बोलवा (पॅटर्न, मुदत):
— पाहुण्याचा पॅटर्न = पॅटर्न
— पाहुण्याची मुदत = मुदत
— पाहुण्याची सुरुवात = घड्याळ
— पाहुणा चालू = हो

पडदा_जुळवा:
— आत्ता = घड्याळ
— झालेला वेळ = आत्ता − पाहुण्याची सुरुवात
— जर पाहुणा चालू असेल आणि झालेला वेळ >= मुदत, तर पाहुणा चालू = नाही
— ० ते ३ प्रत्येक खान्यासाठी: पाहुणा चालू असेल तर पडदा[खाना] = पॅटर्न (खाना, झालेला वेळ), नाहीतर पडदा[खाना] = पाया[खाना]

मुख्य लूप:
— बटण तपासा, दाबलं असेल तर पाहुणा_बोलवा
— मोजणी पुढे न्या, पाया भरा
— पडदा_जुळवा
— २ मिलिसेकंद झाले असतील तर पुढचा खाना पेटवा

‘आकडा परत टाक’ अशी ओळ यात कुठेच नाही. पाहुणा गेला की पाया आपोआप दिसतो, कारण तो कधी हललाच नव्हता. पाहुणा असताना दुसरा आला तर पहिल्याची माहिती पुसली जाते आणि पायाला धक्का लागत नाही. वरच्या दोन्ही चुका या मांडणीत करायचं ठरवलं तरी करता येत नाहीत.

घड्याळ म्हणजे आर्डुइनोमधलं ‘मिलिस’. बोर्ड सुरू झाल्यापासून किती मिलिसेकंद झाले ते हे फंक्शन सांगतं. त्याबाबत तीन खाचखळगे आहेत आणि तिन्ही चुका मी लोकांच्या कोडमध्ये पाहिल्या आहेत.

पहिला: वेळेचे सगळे व्हेरिएबल अनसाइन्ड लाँग ठेवा, म्हणजे ३२ बिटचे आणि उणे आकडे नसलेले. उनोवर साधा अनसाइन्ड इंट १६ बिटचा असतो आणि ६५,५३५ ला संपतो. ‘सुरुवात’ त्यात साठवली तर यंत्र पहिली पासष्ट सेकंदं शहाण्यासारखं वागतं. नंतरच्या वेळा त्यात मावत नाहीत, झालेला वेळ नेहमी मुदतीपेक्षा मोठा निघतो आणि पाहुणा आल्या पावली परत जातो. टेबलावरच्या अर्ध्या मिनिटाच्या चाचणीत हे कधीच सापडत नाही.

दुसरा: ३२ बिटचं घड्याळही सुमारे ४९.७ दिवसांनी शून्यावर येतं. म्हणून ‘आत्ता >= सुरुवात + मुदत’ असं लिहू नका. ‘आत्ता − सुरुवात >= मुदत’ असं लिहा. अनसाइन्ड वजाबाकी शून्य ओलांडतानाही बरोबर उत्तर देते, बेरीज करून केलेली तुलना फसते.

तिसरा सगळ्यात छुपा. काही जण लूपच्या सुरुवातीलाच ‘आत्ता’ घेऊन ठेवतात आणि फेरीभर तोच वापरतात. मध्ये बटण दाबलं गेलं आणि ‘सुरुवात’ एका मिलिसेकंदाने पुढची नोंदली गेली, तर आत्ता − सुरुवात उणे एक. अनसाइन्डमध्ये उणे एक म्हणजे चार अब्जांच्या वरचा आकडा. पाहुणा दारातूनच परत, तोही कधीकधीच. एकतर फेरीभर सगळ्यांनी तोच ‘आत्ता’ वापरावा, सुरुवात नोंदतानासुद्धा, किंवा वर लिहिल्याप्रमाणे पडदा जुळवताना तो ताजा घ्यावा.

पॅटर्नला फक्त वेळ विचारा

पॅटर्न कसा लिहायचा? बहुतेक जण एक मोजका (काउंटर) ठेवतात आणि तो प्रत्येक पावलाला वाढवतात. मग पाहुणा अर्ध्यात गेला की तो मोजका शून्य करायचा राहतो आणि पुढच्या वेळी भिंगरी मधूनच सुरू होते. त्याऐवजी पॅटर्न म्हणजे असं फंक्शन करा की ज्याला ‘कोणता खाना’ आणि ‘येऊन किती वेळ झाला’ हे दोनच प्रश्न कळतात आणि जे एक क्रमांक परत देतं. त्याला आठवण नसतेच, त्यामुळे काही पुसायचं राहत नाही.

भिंगरी घ्या. ए, बी, सी, डी, ई, एफ या सहा पट्ट्या एकामागून एक: १, २, ४, ८, १६, ३२. पाऊल ८० मिलिसेकंदांचं. झालेला वेळ भागिले ८० (पूर्णांक), त्याला ६ ने भागून बाकी घ्यायची, आणि १ तितकी घरं डावीकडे सरकवायचा, म्हणजे तितक्या वेळा दुप्पट करायचा. ७३० मिलिसेकंद झाले असतील तर भागाकार ९, बाकी ३, म्हणजे ८, म्हणजे तळाची ‘डी’. एक फेरी ४८० मिलिसेकंदांची होते, म्हणून दोन फेऱ्या हव्या असतील तर मुदत ९६० द्या. १००० दिलीत तर शेवटी वरची पट्टी पुन्हा क्षणभर पेटते आणि शेवट ठेच लागल्यासारखा वाटतो. मुदत नेहमी फेरीच्या पटीत ठेवा.

माझी आवडती चाल इंग्रजी आठच्या आकाराची आहे: ए, बी, जी, ई, डी, सी, जी, एफ. प्रत्येक पट्टीचं टोक पुढच्या पट्टीला भिडतं, त्यामुळे प्रकाश सरपटत गेल्यासारखा दिसतो. क्रमांक १, २, ६४, १६, ८, ४, ६४, ३२. हे ॲरेमध्ये ठेवायचे आणि बाकी ८ ने काढायची. चारही खान्यांत तेच चित्र कंटाळवाणं वाटलं तर झालेल्या वेळात खान्याचा क्रमांक गुणिले ८० मिळवा. खाने एकमेकांमागे एक पाऊल चालू लागतात आणि लाट तयार होते.

सरकता शब्दही याच रीतीने होतो. पाच अक्षरांच्या शब्दाच्या मागे आणि पुढे चार-चार कोरे खाने जोडले की १३ खान्यांची पट्टी झाली. चार खान्यांची खिडकी तिच्यावर १० ठिकाणी थांबते. पावलाला २५० मिलिसेकंद दिले तर मुदत अडीच सेकंद. त्याहून वेगात सरकवलं तर वाचणाऱ्याची दमछाक होते.

अर्धा पाहुणा

कधीकधी सगळा पडदा नको असतो. आकडा दिसतच राहावा आणि फक्त ठिपका लुकलुकावा, एवढंच हवं असतं. त्यासाठी पाहुण्याबरोबर एक झाकण द्या, म्हणजे त्याचा हक्क कोणकोणत्या पट्ट्यांवर आहे ते सांगणारा बाइट. पडदा = (पाया, झाकणाबाहेरचे बिट) आणि (पाहुणा, झाकणाआतले बिट) यांचा मिलाफ. पाया ५ आहे, म्हणजे १०९. झाकण १२८, पाहुणा १२८. पडद्यावर येतं २३७: पाच आणि शेजारी पेटलेला ठिपका. पूर्ण पडद्याच्या पाहुण्याचं झाकण २५५.

झाकणाने अंकांच्या पट्ट्यांना मात्र हात लावू नका. ८ वर ६४ चं झाकण टाकून मधली पट्टी लुकलुकवली तर निम्मा वेळ तो ० दिसतो. ज्या आकड्यावर कोणी भरवसा ठेवणार आहे, तो क्षणभरही खोटा दिसू नये, याबाबत मी हट्टी आहे.

दोन पाहुणे आले तर

एरर चालू आहे आणि कोणी बटण दाबलं. ‘सेट’ ने एरर झाकून टाकावा का? नाही. प्रत्येक पाहुण्याला मान द्या: शोभेची भिंगरी १, बटणाची पोच २, एरर ३. बोलावताना नव्याचा मान चालू पाहुण्यापेक्षा कमी असेल तर त्याला आत घेऊ नका. सारखा असेल तर नवा बसतो, म्हणजे बटण पुन्हा दाबल्यावर शब्द नव्याने सुरू होतो. रांग लावण्याच्या भानगडीत पडू नका. तीन सेकंदांनी उगवलेली बटणाची पोच बघून माणूस बुचकळ्यात पडतो, त्यापेक्षा ती न दिसलेली बरी.

एररला मुदत नसते, वायर लागेपर्यंत तो राहायला हवा. मग अमर्याद मुदतीचा वेगळा प्रकार काढू नका. वायर निघालेली असेपर्यंत दर अर्ध्या सेकंदाला एक सेकंदाच्या मुदतीने एरर पुन्हा बोलावत राहा, फक्त तोच पाहुणा आधीपासून बसलेला असेल तर सुरुवात न बदलता मुदत वाढवा. नाहीतर लुकलुकण्याची लय दर वेळी तुटते. वायर लागली की बोलावणं थांबतं आणि एरर आपोआप निघून जातो.

तयार चिप असेल तर

मॅक्स ७२१९ आणि टीएम १६३७ या चिप खाने फिरवण्याचं काम स्वतः करतात, म्हणून मल्टिप्लेक्सिंगचा भाग गाळा. थर आणि पाहुणा तसेच राहतात. टीएम १६३७ च्या मॉड्यूलवर वरचेच क्रमांक चालतात. मॅक्स ७२१९ मध्ये दोन गोष्टी लक्षात ठेवा. तिच्यात आकड्यांचा तयार डीकोड मोड आहे. तो चालू असेल तर ० ते ९, आडवी रेघ, ई, एच, एल, पी आणि कोरा खाना एवढंच दाखवता येतं. पॅटर्नसाठी ९ क्रमांकाच्या रजिस्टरमध्ये ० लिहून तो बंद करा. दुसरं म्हणजे तिचा बिटक्रम उलटा आहे: ठिपका १२८ वरच, पण ए ६४, बी ३२, सी १६ असं उतरत जी १ वर येते. आपला १ चा क्रमांक ६ तिथे टाकलात तर ई आणि एफ पेटतात, म्हणजे १ डाव्या बाजूला सरकलेला दिसतो. असा डावा १ दिसला की ओळखा, बिटक्रम उलटला आहे.

पडदा बदलला असेल तेव्हाच चिपला पाठवा. मागच्या वेळी काय पाठवलं ते एका ॲरेमध्ये ठेवून तुलना केली की पुरे.

किती वेळ, किती वेगाने

एका शब्दाच्या पोचेला मी ७०० मिलिसेकंद देतो. अर्ध्या सेकंदाच्या आत नजर वळेपर्यंत शब्द गेलेला असतो, आणि दीड सेकंदाच्या पुढे आकड्याची वाट पाहणारा माणूस वैतागतो. लुकलुकणं सेकंदाला दोनदा पुरतं. तीनपेक्षा जास्त झगमगाट करू नका. जलद लखलखाटाने काही जणांना फेफऱ्याचा झटका येऊ शकतो, आणि वेबवरच्या सुलभतेच्या नियमांतही सेकंदाला तीन ही मर्यादा आहे. तुमचा डिस्प्ले लहान असेल, तरी समोर कोण बसणार आहे ते तुम्हाला ठाऊक नसतं.

शेवटी तपासणी

घड्याळ शून्यावर येण्याची ४९ दिवस वाट पाहायला नको. घड्याळ वाचणारं स्वतःचं एक छोटं फंक्शन करा आणि चाचणीपुरते त्यात ४,२९४,९५७,२९५ मिळवा. बोर्ड सुरू झाल्यावर सुमारे १० सेकंदांत ते शून्य ओलांडेल. नवव्या सेकंदाला तीन सेकंदांचा पाहुणा बोलवा आणि तो बरोबर तीन सेकंदांनीच जातो का ते पाहा.

मग मोजणी १० वर असताना बटण तीनदा भराभर दाबा, म्हणजे शब्द पडद्यावर असतानाच खाली १० चे ९ होतील आणि दोन आकड्यांचा एक आकडा होईल. त्याच वेळी सेन्सरची वायर काढा, एरर येऊ द्या, वायर परत लावा. शेजारी सीरियलवर खरी मोजणी छापत ठेवा. शेवटचा पाहुणा उठला की पडद्यावरचा आकडा आणि संगणकावरचा आकडा एकच असला पाहिजे, आणि दहाच्या खान्यात जुना १ राहिलेला नको.